आधी झाड बघा, मग औषध मारा : टोळांचा माग काढणाऱ्या लेफ्रॉय साहेबांची गोष्ट

माडाच्या खोडातून तांबूस चीक गळायला लागला, भोकातून चावलेला भुसा बाहेर दिसू लागला की मालवण, वेंगुर्ले, देवगडकडचा बागायतदार काय ते समजतो. सोंड्या भुंगा आत शिरला! बऱ्याचदा तोवर उशीर झालेला असतो. आतून खोड पोखरलेलं असतं, मग शेंडा कोलमडतो आणि ऐन भरातला माड हातचा जातो.

कीड दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा, ती वाढायच्या आधी कोणीतरी बागेत जाऊन झाड नीट बघितलं तर? आज हे काम सरकारचे कृषी सहायक आणि कीड सर्वेक्षक करतात. पण पिकांवरची कीड बघायला, ओळखायला आणि तिची नोंद ठेवायला सरकारने शिकवलेली माणसं हवीत, ही कल्पना आपल्याकडे अशीच आली नाही. ती रुजवणाऱ्यांत एक मोठं नाव आहे हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचं. कीटकशास्त्र शिकणाऱ्यांना ते ठाऊक आहे, शेतकऱ्यांपर्यंत मात्र फारसं पोचलं नाही. आणि या माणसाचा शेवट ज्या प्रकारे झाला, तो फवारणी करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे.

उसाच्या मळ्यातून भारतात

लेफ्रॉय यांचा जन्म इंग्लंडमध्ये हॅम्पशायर परगण्यात २० जानेवारी १८७७ रोजी झाला. केंब्रिजला शिक्षण झालं. १८९९ मध्ये ते वेस्ट इंडीज बेटांवर सरकारी कीटकतज्ज्ञ म्हणून गेले. बार्बाडोसचं सगळं अर्थकारण तेव्हा उसावर चालत होतं आणि ऊस खोडकिडीने पोखरला जात होता. तिथे त्यांनी चार वर्षं काढली.

तिकडे भारत सरकारनेही १९०१ मध्ये पहिल्यांदा कीटकतज्ज्ञाची जागा भरली होती. लायोनेल द निसव्हिल हे फुलपाखरांचे मोठे अभ्यासक त्या जागेवर आले, पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मलेरियाने गेले. त्यांच्या जागी १९०३ मध्ये लेफ्रॉय आले. वय अवघं सव्वीस. एवढा मोठा देश, शेकडो पिकं, हजारो किडी, आणि त्या बघायला शिकलेली माणसं जवळजवळ नाहीतच. संग्रहालयात टाचणी टोचून ठेवलेले किडे भरपूर होते. पण शेतात कोणती कीड कधी येते, कुठे अंडी घालते, किती दिवसांत वाढते, याची नोंद फारच थोडी होती.

एक नाव, दोन टोळ

लेफ्रॉय आले तेव्हा मुंबई इलाखा टोळांनी हैराण झाला होता. १९०१ ते १९०८ या काळात इथे टोळांचा मोठा उपद्रव होता. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. मालवण, देवगड, वेंगुर्ले हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि सावंतवाडीचं संस्थान वेगळं होतं. वेगळा सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

टोळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे राजस्थान, सिंधकडून येणारे वाळवंटी टोळ येतात. लेफ्रॉय यांच्यापुढे आलेला टोळ वेगळाच होता. आजही त्याचं नाव मुंबई टोळ असंच आहे. नाव एक, पण दोघांचं वागणं अगदी निराळं.

वाळवंटी टोळाची पिल्लं जमिनीवरून हजारोंच्या झुंडीने चालत जातात. त्यांच्या वाटेत चर खणला की ती त्यात पडतात, मग माती लोटायची. मुंबई टोळाची पिल्लं अशी झुंड करत नाहीत. ती हिरवी असतात, गवतात आणि पिकात विखुरलेली राहतात. तिथे चर खणणं म्हणजे मजुरीचे पैसे मातीत घालणं. शिवाय या टोळाची वर्षाला एकच पिढी होते. पावसाच्या सुरुवातीला मादी जमिनीत अंडी घालते, पावसाळाभर पिल्लं वाढतात, पाऊस सरता सरता पंख फुटतात आणि मग थवे बनतात. हिवाळ्यात हे थवे सह्याद्रीच्या रानांकडे सरकतात, उन्हाळा तिथे काढतात आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर पांगतात.

हे एवढं कळलं की सरकारी यंत्रणेला काम नेमकं सांगता येतं. कोणत्या महिन्यात रानात थवे शोधायचे, कोणत्या महिन्यात शेतात पिल्लं बघायची, कुठे जाळी ओढायची आणि कुठे उगाच खणत बसायचं नाही. हे न कळता नुसता टोळ मारा असा हुकूम सुटला, तर वरचा साहेब खालच्याला दटावतो, खालचा गावाला दटावतो, आणि टोळ आपला जातो तिथे जातोच.

त्या काळी गावची खबर पाटील, तलाठी, मामलेदार, कलेक्टर अशी पायरी पायरीने वर चढायची. टोळ दिसले, एवढंच कळून चालत नव्हतं. कुठे, कोणत्या तारखेला, पिल्लं की पंखवाले, कोणत्या दिशेने गेले, हे हवं होतं. लेफ्रॉय यांनी १९०३-०४ मधल्या या तपासाचा अहवाल तयार केला. सरकारच्या शेती खात्याने तो १९०६ मध्ये छापला. मुंबई टोळावरचा हा पायाभूत अभ्यास आजही संदर्भाला घेतला जातो.

पुसा : बघणारी माणसं घडवायची जागा

पुसा बासमती किंवा पुसा नाव असलेलं भाजीचं बियाणं अनेकांनी वापरलं असेल. हे पुसा म्हणजे मुळात बिहारमधलं एक गाव. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, हेन्री फिप्स या अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीतून १९०५ मध्ये तिथे शेती संशोधनाची संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली. १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली आणि नावही सोबत घेऊन गेली.

या संस्थेत सुरुवातीपासून कीटक विभाग सांभाळला तो लेफ्रॉय यांनी. इंपीरियल एंटोमॉलॉजिस्ट हे त्यांचं पद, म्हणजे देशाचे मुख्य सरकारी कीटकतज्ज्ञ. एका माणसाने देशभर फिरून कीड बघणं शक्यच नव्हतं. त्यामुळे प्रांताप्रांतांतले मदतनीस पुसाला येऊन शिकू लागले. अळी पिंजऱ्यात पाळायची, तिचा कोष कधी होतो, त्यातून कोण बाहेर येतं हे रोज लिहायचं, नमुना नीट ठेवायचा, हे सगळं हाताने करून शिकायचं होतं. भारतीय चित्रकारांनी किडींची रंगीत चित्रं काढली. ही चित्रं शोभेसाठी नव्हती. इंग्रजी नाव न येणाऱ्या माणसालाही चित्र बघून कीड ओळखता येते.

पुस्तकंही त्यांनी झपाट्याने लिहिली. १९०६ मध्ये भारतातल्या किडींवरचं पुस्तक आलं. ते शास्त्रज्ञांपेक्षा शेतीखात्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या उपयोगाचं होतं. १९०९ मध्ये इंडियन इन्सेक्ट लाइफ हा जाडजूड ग्रंथ आला. त्यासाठी त्यांना फ्रँक हॉवलेट या सहकाऱ्याची मदत झाली. उपाय त्या काळचे साधेच होते. हाताने वेचणी, जाळीची पिशवी पिकावरून ओढणं, रॉकेल आणि साबणाचं मिश्रण, तंबाखूचा अर्क. शिशाचं आर्सेनेटसारखी जहाल विषंही तेव्हा वापरात होती. पण प्रत्येक ठिकाणी आधी किडीची कुंडली आणि मग उपाय, हा क्रम.

कपाशीची बोंडअळी खाणाऱ्या एका छोट्या गांधीलमाशीच्या जातीला पुढे लेफ्रॉय यांचंच नाव दिलं गेलं. ही गांधीलमाशी अळीवर अंडी घालते आणि तिची पिल्लं अळीला संपवतात. कीड बघताना तिचा शत्रूही बघायचा असतो, ही गोष्ट आज मित्रकीटक म्हणून प्रत्येक शेतीशाळेत सांगतात.

माडावरचा सोंड्या

कोकणासाठी लेफ्रॉय यांचं सर्वांत जवळचं काम म्हणजे माडावरच्या सोंड्या भुंग्याची नोंद. भारतीय शेतीला नुकसान करणाऱ्या महत्त्वाच्या किडींवर १९०६ च्या सुमारास त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्यात नारळाची कीड म्हणून हा तांबडा सोंड्या येतो. जगभरात आज ही कीड खजुराच्या बागांचाही काळ ठरली आहे. अरबस्तानापासून भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत ती पोचली. तिच्यावर लिहिणारे संशोधक सुरुवातीची नोंद म्हणून अजूनही लेफ्रॉय यांचं नाव घेतात.

ही कीड बघायला अवघड का? कारण ती बाहेर दिसतच नाही. मादी खोडावरच्या जखमेत अंडी घालते. माडावर चढायला पाडलेले खाचे, माडी काढताना झालेले वार, झावळी ओढून काढल्याची जखम किंवा गेंड्या भुंग्याने शेंड्याला पाडलेलं भोक, यातली कोणतीही वाट तिला चालते. अळी आतल्या आत खात राहते. म्हणून बघणाऱ्याला खुणा माहीत हव्यात. खोडावर तांबूस चीक, भोकाशी भुसा, मधलं कोवळं पान मलूल होणं. खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाजही येतो. गेंड्या भुंग्याची खूण वेगळी. त्याने कोवळा कोंब खाल्ला की उमललेली झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. तो वाढतो शेणखताच्या खड्ड्यात. म्हणजे माड वाचवायचा तर नुसता माड बघून भागत नाही, खताचा खड्डाही बघावा लागतो.

हापूसवाल्यांवरचं ऋण

लेफ्रॉय यांच्या विभागातल्या हॉवलेट यांनी १९१२ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. डास येऊ नयेत म्हणून लोक सिट्रोनेलाचं तेल लावायचे, पण त्या वासाला फळमाश्या धावून येत होत्या, आणि त्याही फक्त नर. हॉवलेट यांनी तो धागा सोडला नाही. पुढे १९१५ मध्ये मिथाइल युजेनॉल या द्रव्याकडे नर फळमाश्या ओढल्या जातात हे त्यांनी दाखवलं.

आज आंब्याच्या कलमांवर लटकणारे फळमाशीचे सापळे याच द्रव्यावर चालतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा देवगड-मालवणकडच्या बागायतदारांना नवा नाही. सापळ्यात नर अडकले की माद्या फळत नाहीत आणि पुढची पिढी कमी होते. फळावर एक थेंबही औषध पडत नाही.

याचं महत्त्व २०१४ मध्ये सगळ्यांना कळलं. भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडली म्हणून युरोपियन युनियनने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला दार बंद केलं. २०१५ च्या सुरुवातीला ते पुन्हा उघडलं. पण ऐन हंगामात बंदी आल्याने व्हायचं ते नुकसान झालंच. एखाद्या पेटीतली अळी वेळेवर न दिसणं किती महाग पडतं, याचा हा धडा होता.

पुन्हा लंडन

१९१२ मध्ये लेफ्रॉय भारतातून परत गेले आणि लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये प्राध्यापक झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, भारतात कीड-रोगांचा शिरकाव आणि फैलाव रोखणारा कायदा झाला. परदेशातून येणारी रोपं, बियाणं तपासायला त्यातून कायद्याचा आधार मिळाला.

लेफ्रॉय स्वस्थ बसणारे नव्हते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सैन्याच्या छावण्यांत माश्यांनी रोग पसरत होते. तिकडे ते गेले. रेशीम धंद्याच्या पाहणीसाठी पुन्हा भारतात आले. ऑस्ट्रेलियात साठवलेल्या गव्हाला सोंडे लागले तेव्हा तिथेही गेले.

लंडनमध्ये त्यांच्या वाट्याला एक वेगळंच काम आलं. ब्रिटिश पार्लमेंटच्या आवारातल्या वेस्टमिन्स्टर हॉलचं पाचशेहून अधिक वर्षांचं ओक लाकडाचं छप्पर भुंगेऱ्याने आतून पोखरलं होतं. जुन्या घराचे वासे वरून धडधाकट दिसतात आणि टोचलं की भुगा पडतो, तसाच प्रकार. त्या किडीवर लेफ्रॉय यांनी औषध तयार केलं. लोकांकडून मागणी येऊ लागली आणि १९२० च्या दशकात त्यातून रेंटोकिल ही कंपनी सुरू झाली. मुंबई-पुण्यात पेस्ट कंट्रोलच्या गाड्यांवर हे नाव आजही दिसतं.

इथे त्यांच्या कामाचा रोख बदललेला दिसतो. भारतात त्यांचं काम होतं माणसं तयार करून शेत बघायचं. आता काम होतं बंद खोलीत जास्तीत जास्त जालीम विष शोधायचं.

१० ऑक्टोबर १९२५

माश्या मारणाऱ्या विषारी वायूंवर ते प्रयोगशाळेत काम करत होते. त्याआधीही एकदा वायूने ते कोसळले होते, पण वाचले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण काम चालूच राहिलं. १० ऑक्टोबर १९२५ रोजी ते प्रयोगशाळेत बेशुद्ध अवस्थेत सापडले. पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. १४ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. वय अठ्ठेचाळीस.

कीटकांबद्दल त्यांच्याइतकं जाणणारी माणसं तेव्हा जगात मोजकीच होती. विषाची माहितीही त्यांना होती. तरी विषाने त्यांना सोडलं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यातल्या कोणाकडे प्रयोगशाळा नव्हती, पदवी नव्हती. विषाला त्याचं काही नसतं. आपल्याकडे मोहराच्या दिवसांत कलमावर चढून, तोंडाला नुसता टॉवेल बांधून, वाऱ्याच्या तोंडावर फवारणारे गडी दर हंगामात दिसतात. मागच्या वेळी थोडी चक्कर आली होती पण काही झालं नाही, हा दिलासा किती पोकळ आहे ते लेफ्रॉय यांच्या मरणाने सांगितलंच आहे.

आजचे बघणारे

विदर्भात २००८ मध्ये सोयाबीनवर अळीचा मोठा हल्ला झाला. त्यानंतर राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. पुढे आंब्यासारख्या फळपिकांसाठीही असंच सर्वेक्षण आलं. कीड सर्वेक्षक ठरलेल्या प्लॉटवर जातो, झाडं निवडतो, किडी मोजतो आणि आकडे भरतो. त्याच्यावर कीड नियंत्रक देखरेख ठेवतो. आकडे बघून विद्यापीठाचे शास्त्रज्ञ सल्ला देतात. कीड नुकसानीच्या पातळीखाली असेल तर फवारू नका, हाही सल्लाच असतो आणि तो पैसे वाचवणारा असतो.

या सगळ्या साखळीची ताकद एकाच गोष्टीत आहे. पहिला आकडा खरा हवा. सर्वेक्षक बागेत न जाता चावडीवर बसून आकडे भरत असेल, तर वरचा सल्ला चुकणार. देखरेख करणाऱ्याने नुसते कागद तपासले आणि चार झाडं स्वतः उलटसुलट करून बघितली नाहीत, तर ती चूक कोणाला कळणारही नाही. कीड नाही असं लिहिलेला कागददेखील झाड बघून लिहिलेला असला तरच उपयोगाचा. सव्वाशे वर्षांपूर्वी टोळांच्या बाबतीत हेच होतं, आज तुडतुड्यांच्या बाबतीत तेच आहे. फक्त तेव्हा टपाल होतं, आता मोबाइल आहे.

बागायतदाराचाही यात वाटा आहे. कीड सर्वेक्षक किंवा कृषी सहायक आला की त्याला माटवात चहा पाजून वाटेला लावण्यापेक्षा बागेत घेऊन जा. कुठल्या माडाला चीक दिसला, कुठल्या कलमाच्या मोहरावर तुडतुडे उठले, ते दाखवा. अनोळखी किडा दिसला तर चिरडून टाकू नका, बाटलीत ठेवा, फोटो काढा, तारीख लिहा. वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र आणि तालुक्याचं कृषी कार्यालय यासाठीच आहे. आणि फवारणी करायचीच झाली तर हातमोजे, चष्मा, मास्क घालून, वाऱ्याची दिशा बघून आणि कोणीतरी सोबत असताना करा. जरा जरी गरगरलं तर तिथेच काम थांबवा, कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.